देवघराच्या दाराची पेटी: झाकण अडकलं, पॉलिश पांढरं पडलं

धानवाला_ब्रह्मपुरी:

नमस्कार मंडळी. रोवणं आटोपलं, हात थोडा मोकळा झाला, म्हणून विचारून राहिलो.

दिवाळीनंतर भाचीचं लग्न आहे. तिच्यासाठी फणीकरंड्याची पेटी करतो आहे. लांबी ९ इंच, रुंदी ६, वर सरकतं झाकण. जुनं घर पाडलं तेव्हा देवघराचं सागवानी दार मी ठेवून घेतलं होतं, त्याच्याच फळ्या आहेत. मे महिन्यात रंधा मारला, कोपऱ्यांना डव्हटेल, म्हणजे एकमेकांत अडकणारे दात, पाडून जोडलं. तेव्हा झाकण एका बोटानं सरकायचं, आता ओढून निघत नाही. पोळ्याच्या दोन दिवस आधी चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, पॉलिश मारलं, तर पिठाचा हात लागल्यासारखे दुधाळ डाग पडले. तळ खालून खाचेत बसवून चारही बाजूंनी फेविकॉल लावला होता, तरी एक कोपरा केसभर उघडला. या दाराला माझी आई रोज हळदीकुंकू लावायची. दुसरं लाकूड घ्या असं कृपा करून सांगू नका.

रेंगीवाले_सुतार:

भाऊ, दुसरं लाकूड कशाला? हात चांगला आहे तुमचा, महिना चुकला.

माझ्या दुकानात खुंटीला सागाचा एक तुकडा टांगला आहे. दर दोन-तीन महिन्यांनी त्याची रुंदी मोजतो आणि पेन्सिलीनं त्याच्यावरच लिहून ठेवतो. मे महिन्यात १५० मिलिमीटर, ऑगस्टमध्ये १५२. लांबीत फरक नाही म्हटलं तरी चालेल, लाकूड फुगतं ते रुंदीत. आपल्याकडे वैशाखात पत्रा तापतो आणि श्रावणात मीठ पाझरतं. वैशाखात घट्ट बेतलेलं झाकण श्रावणात अडकणारच.

आता जोर लावू नका, खाच फुटेल. दसऱ्यापर्यंत थांबा, आश्विनाच्या उन्हात हवा कोरडी झाली की आपोआप सुटेल. मग दोन्ही कडांवरून रंध्याचा एकेक हलका हात घ्या. खाच पाच-सहा मिलिमीटर खोल असेल तर उन्हाळ्यात झाकण सैल होईल, पण पडणार नाही. खाचेत मेणबत्ती घासा, तेल नको.

कोपरा उघडला तो तळामुळे. तळ फुगला, चारही बाजूंनी चिकटलेला, मग त्यानं भिंतीच ढकलल्या. पातळ पात्यानं फेविकॉल कापून तळ मोकळा करा, रुंदीत जरासा कमी करा आणि आखूड बाजूंच्या बरोबर मध्यावर एकेक छोटा पितळी स्क्रू द्या. कडांना काही लावू नका. कोपरा पुन्हा चिकटवण्याआधी ती जागा थिनरनं पुसा. सागात तेल असतं, त्याच्यावर गोंद नीट धरत नाही.

पांढरेपणाला घाबरू नका. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, ओल्या हवेतलं पाणी त्या थरात अडकतं. कोरड्या दिवशी दुपारी कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळा, स्पिरिटचे चार थेंब टाका आणि न थांबता हलका हात फिरवा. बोळा एका जागी टेकला की खालचं पॉलिश उचललं जातं, तेवढं सांभाळा. नंतर नवं पॉलिश करा: पाव लिटर स्पिरिटला ३० ते ४० ग्राम चपडा, काचेच्या बरणीत रात्रभर, सकाळी मलमलमधून गाळून. लोखंडी डब्यात काळं पडतं. मागच्या वर्षीचं उरलेलं वापरू नका, ते नीट वाळत नाही.

वर्ध्याची_ताई:

काकाजींनी सगळं सांगितलंच, एक गोष्ट माझ्याकडून. आत जवसाचं तेल लावू नका. मी एका डबीला आतून लावलं होतं, झाकण बंद ठेवल्यावर असा खवट वास धरला की आठ महिने गेला नाही. आत नुसता चपड्याचा एक पातळ हात पुरे. आणि बाहेरून जवस लावणार असाल तर ती चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस वाळताना तापतं, गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

धानवाला_ब्रह्मपुरी:

काकाजी, ताई, मनापासून आभार. दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी झाकण हातानं निघालं. तळ मोकळा केला तेव्हा कोपरा स्वतःहून अर्धा मिटला, ते पाहून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. स्पिरिटनं डाग गेले, फक्त जिथं जुन्या कडीचा खिळा होता तिथं काळी वर्तुळखूण आहे. ती मी घासली नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं रुंदी आणि महिना लिहिला आहे. पुढच्या श्रावणात भाचीकडं गेलो की त्याच्याखाली दुसरा आकडा लिहीन.