कॉन्स्टन्टाइनने चर्चला स्वातंत्र्य दिले की सरकारी मान्यता?

शिलालेख (धागालेखक)

रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनविषयीची चर्चा बहुधा इ.स. 312 ची मिल्व्हियन पुलाची लढाई आणि त्याला दिसलेले ख्रिस्ती देवाचे चिन्ह यांपाशीच अडकते. त्याच्या मनात श्रद्धा किती आणि राजकारण किती, हा प्रश्न सुटण्यासारखा नाही आणि माझ्या मते तो फारसा महत्त्वाचाही नाही. पुढचे भवितव्य ठरवले ते 313 मध्ये उत्तर आफ्रिकेला गेलेल्या काही पत्रांनी.

कार्थेजचा बिशप कोण, यावरून तिथे फूट पडली होती. 303 मध्ये सम्राट डायोक्लेशियनने सुरू केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात ज्यांनी भीतीपोटी धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले, अशांच्या हातून झालेली बिशपची नेमणूक ग्राह्य धरायची की नाही, हा वादाचा मुद्दा होता. कॉन्स्टन्टाइनने, ज्याच्या नेमणुकीवर वाद होता त्या सिसिलियन या बिशपकडे तीन हजार फॉलिसची (रोमन चलन) रक्कम पाठवण्याची व्यवस्था केली आणि प्रांताचा राज्यपाल अनुलिनस याला कळवले, की सिसिलियनच्या चर्चमधील धर्मगुरूंना सार्वजनिक सेवेच्या सक्तीतून मुक्त करावे. म्हणजे सहसम्राट लिसिनियसबरोबर मिलानमध्ये ज्याला जो रुचेल तो धर्म पाळण्याची मोकळीक मान्य केली, त्याच वर्षी त्याने भांडणाऱ्या दोन ख्रिस्ती गटांपैकी एकाच्या पदरात सवलत टाकली. छळ करणाऱ्या राज्याला ख्रिस्ती कोण, एवढेच शोधायचे होते. मदत करू लागलेल्या राज्याला खरा ख्रिस्ती कोण, हेही ठरवावे लागले. 326 च्या कायद्याने तर स्पष्टच सांगितले, की या सवलती पाखंडी आणि फुटीर गटांना मिळणार नाहीत.

कृष्णाकाठ

धागालेखकांचे म्हणणे मला एकांगी वाटते. सिसिलियनच्या विरोधकांनी, ज्यांना पुढे डोनॅटिस्ट म्हटले गेले, आपण होऊन 313 मध्ये त्याच अनुलिनसमार्फत सम्राटाकडे तक्रार नेली होती. तरीही कॉन्स्टन्टाइनने लगेच निवाडा दिला नाही. त्याने प्रकरण आधी रोमचा बिशप मिल्टिआडिस याच्याकडे सोपवले, त्यावरही समाधान होईना तेव्हा 314 मध्ये आर्ल येथे बिशपांची परिषद भरवली, आणि स्वतःचा निकाल 316 मध्ये दिला. त्यानंतर बळाचा वापर झाला, हे मी नाकारत नाही. पण 321 मध्ये त्याने तो थांबवला आणि न्याय देवावर सोडला.

शिवाय धर्म ही राज्याची बाब मानणे ही रोमची जुनीच रीत होती. सम्राट हा राज्याचा सर्वोच्च पुरोहित असे आणि ते पद कॉन्स्टन्टाइननेही शेवटपर्यंत सोडले नाही. सम्राट डेशियसने 249 च्या सुमारास प्रजेला देवांपुढे यज्ञबळी देण्याचा हुकूम काढला होता. तो पाळल्याचे दाखले इजिप्तच्या पपायरसांवर आजही वाचता येतात. त्या दाखल्यांच्या तुलनेत 313 ची पत्रे कितीतरी सौम्य आहेत.

टाकसाळ

दोघांच्याही लिखाणात करांचा विषय राहून गेला आहे. ज्या सक्तीतून धर्मगुरूंना सूट मिळाली, ती काय होती ते पाहा. शहराच्या नगरसभेतील श्रीमंत सभासदांना कराची वसुली करून द्यावी लागे आणि तूट आली तर ती स्वतःच्या मालमत्तेतून भरावी लागे. सवलत मिळताच हे लोक धर्मगुरू होण्यासाठी धावले, इतके की खुद्द कॉन्स्टन्टाइनला कायदा करून सधन नागरिकांना त्यापासून रोखावे लागले. दुसरीकडे त्याने बिशपच्या निवाड्याला कायदेशीर वजन दिले, चर्चमध्ये गुलाम मुक्त करण्यास मान्यता दिली आणि देवळांची संपत्ती सरकारजमा केली.

नगरसभा अशी पोखरली गेली आणि बिशप शहराचा कारभारी होत गेला. पाचव्या शतकात पश्चिमेकडील प्रशासन कोसळले तेव्हा अनेक शहरांत गरिबांना अन्न देणारा आणि आक्रमकांशी बोलणी करणारा बिशपच उरला होता. मी याला उपकार मानतो, मग सम्राटाचा हेतू काहीही असो.

उत्तरायण

माझा आक्षेप वेगळा आहे. कॉन्स्टन्टाइनपर्यंत काहीही पक्के झालेले नव्हते. 361 मध्ये ज्युलियन सम्राट झाला आणि त्याने जुन्या देवांची देवळे पुन्हा उघडली. तो 363 मध्ये इराणच्या मोहिमेत मारला गेला नसता, तर पुढे काय झाले असते हे कोण सांगणार? दार बंद केले ते नंतरचा सम्राट थिओडोशियसने. 380 च्या फर्मानाने त्याने त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांत सर्व प्रजेवर लादला, तर 391 आणि 392 च्या कायद्यांनी यज्ञबळी आणि देवळांतील पूजा बंद केली. त्याआधी 384 मध्ये जुना धर्म पाळणारा सिनेटर सिमॅकस याने रोमच्या सिनेटमधील विजयदेवतेच्या वेदीसाठी केलेल्या अर्जात लिहिले होते, की एवढ्या मोठ्या गूढापर्यंत एकाच वाटेने पोहोचता येत नाही. तो अर्ज फेटाळला गेला. मला साम्राज्याच्या इतिहासातील ही सर्वात मोठी हानी वाटते.

शिलालेख

उत्तरायण, 380 चे फर्मान पुन्हा पाहावे. रोमचा डमासस आणि अलेक्झांड्रियाचा पीटर हे बिशप जी श्रद्धा मानतात ती खरी, असे त्यात म्हटले आहे. बिशपांची नावे घेऊन सत्य ठरवण्याची ही पद्धत मला थेट कार्थेजच्या पत्रांपर्यंत मागे जाताना दिसते.

या पद्धतीचा तोटा राज्यालाच कसा झाला, हे एरियन पंथात, म्हणजे पुत्र ख्रिस्त पित्याच्या बरोबरीचा नाही असे मानणाऱ्या एरियसच्या अनुयायांत दिसते. ही शिकवण नाकारणाऱ्या 325 च्या नायसिया येथील बिशप परिषदेनंतर कॉन्स्टन्टाइनने एरियसला हद्दपार केले, पुढे परत बोलावले, आणि 335 मध्ये त्याचा विरोधक अथेनेशियस याला ट्रियरला धाडले. 337 मध्ये मृत्युशय्येवर सम्राटाने बाप्तिस्मा घेतला तो एरियसचा पाठीराखा असलेल्या निकोमिडियाच्या युसेबियसकडून. याच युसेबियसने उल्फिलास याला गॉथ या जर्मानिक लोकांचा बिशप केले. गॉथांनी राजमान्य असलेला पंथ स्वीकारला आणि थिओडोशियसने तोच बेकायदा ठरवला. पुढे पश्चिमेत गॉथ आणि व्हँडल (दुसरी जर्मानिक टोळी) यांची राज्ये उभी राहिली तेव्हा राज्यकर्त्यांचे चर्च एक आणि प्रजेचे दुसरे, अशी स्थिती झाली. आफ्रिकेत तर व्हँडल राजांनी नायसियावाद्यांचा, म्हणजे त्या परिषदेची श्रद्धा मानणाऱ्यांचा छळ केला.

कृष्णाकाठ

तरीही चर्च सम्राटाच्या हातचे बाहुले झाले नाही. थेसालोनिका शहरात सम्राटाच्या सैन्याने केलेल्या कत्तलीबद्दल 390 मध्ये मिलानचा बिशप अँब्रोज याने थिओडोशियसला जाहीर प्रायश्चित्त घ्यायला लावले.

शिलालेख

खरे आहे, आणि त्याच अँब्रोजने त्याच्या दोन वर्षे आधी, 388 मध्ये, काय केले तेही त्याच्या शेजारी ठेवावे. युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकम गावात ख्रिस्ती जमावाने ज्यूंचे प्रार्थनास्थळ जाळले होते. ते तिथल्या बिशपच्या खर्चाने पुन्हा बांधून द्यावे, असा थिओडोशियसचा हुकूम होता. अँब्रोजने भर चर्चमध्ये सम्राटाला अडवले आणि हुकूम मागे घेतल्याचे वचन मिळेपर्यंत पूजाविधी सुरू केला नाही.