गिटारच्या एफ कॉर्डसाठी आधी अंगठा बघा
भाऊ, तुम्ही म्हणता ३ वर्षं व्हिडिओ बघून गिटार शिकूनही एफ कॉर्ड घरघरते अन् मनगट दुखते, माझंही अगदी हेच होऊन राहिलं होतं. चूक अंगठ्यात होती, तो नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) वरून बाहेर यायचा त्यामुळे पहिलं बोट तारांवर आडवं नीट बसतच नव्हतं. अंगठा नेकच्या मागे मधल्या बोटाच्या समोर आणा, पहिलं बोट जरा कडेवर झुकवून फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) अगदी लागून ठेवा, जोर बराच कमी लागते. मग मेट्रोनोम (ताल धरणारं टिकटिक यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून रोज १० मिनिटं फक्त सी कॉर्डवरून एफवर जायचं, चुकलं की वेग अजून कमी, कारण जुनी सवय घाईतच परत येते ना. अन् नागपूरच्या सीताबर्डीत गेलात की वाद्यांच्या दुकानात तारांची फ्रेटपासूनची उंची पण दाखवून घ्या, १२व्या फ्रेटपाशी ३ मिलिमीटरच्या वर असेल तर सगळा दोष तुमच्या हाताचा नाही.