ब्रिटिश पेन्शनर परदेशात का स्थायिक होतात : उन्हासाठी, हिशेबासाठी की मुलाबाळांसाठी?

दर्यावर्दी (धागालेखक)

ब्रिटनमधले निवृत्त लोक स्पेन, पोर्तुगाल किंवा सायप्रसला जाऊन का राहतात, असे विचारले की 'तिकडे ऊन असते' हे ठरलेले उत्तर मिळते. डिसेंबरात लंडनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे हे उत्तर खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ऊन काही नव्याने उगवलेले नाही. फ्रान्समधल्या नीस शहराचा समुद्रकाठचा रस्ता आजही इंग्रजांच्या नावाने ओळखला जातो, कारण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून श्रीमंत इंग्रज तिथे हिवाळा काढायला जात असत. विसाव्या शतकाच्या अखेरीस बस चालवणारा आणि शाळेत शिकवणारी असे साधे जोडपेही तिकडे घर घेऊ लागले, ते हवामान बदलले म्हणून नव्हे, तर त्यांचा हिशेब जमू लागला म्हणून.

हा हिशेब असा आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये 1970 च्या दशकात कर्ज काढून घेतलेल्या घराची किंमत निवृत्तीपर्यंत कितीतरी पटींनी वाढलेली असते. ते विकले की स्पेनच्या आलिकांते प्रांतात दोन खोल्यांचे, गच्ची आणि अंगण असलेले घर घेऊनही बरीच रक्कम हातात उरते. इंग्लंडमध्ये मध्यम घराचा कौन्सिल टॅक्स वर्षाला दोन हजार पौंडांच्या पुढे गेला आहे. स्पेनमध्ये तशा घराची घरपट्टी सहसा काहीशे युरोंत भागते. सरकारी पेन्शन युरोपीय संघाच्या देशांत दरवर्षी वाढते, आणि तेही महागाई, वेतनवाढ किंवा अडीच टक्के यांपैकी जे जास्त असेल त्या दराने. शिवाय पेन्शनराच्या उपचारांचा खर्च 'एस-वन' या दाखल्यामुळे ब्रिटन सरकार त्या देशाला भरून देते. एप्रिल 2015 पासून खासगी पेन्शनचा साठा हवा तसा उचलण्याची मोकळीक मिळाली, ती वेगळीच. त्यामुळे माझे म्हणणे असे आहे की ऊन हे निमित्त आहे आणि कारण मात्र जमाखर्चाच्या वहीत आहे. विरुद्ध मते अवश्य मांडावीत.

आकडेमोड

धागालेखकांनी स्पेनचे चित्र रंगवले आहे, परंतु त्यावरून 'ब्रिटिश पेन्शनर' या सगळ्या वर्गाविषयी निष्कर्ष काढता येणार नाही. ब्रिटनचे सरकारी पेन्शन परदेशात घेणारे लोक सुमारे 11 लाख आहेत आणि त्यांचे सर्वांत मोठे गट ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि स्पेन या देशांत आहेत. यांतल्या ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात पेन्शन गोठते, म्हणजे ते पहिल्यांदा जेवढे मिळाले तेवढेच मरेपर्यंत मिळत राहते. न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत हेही त्याच यादीत आहेत. मूळ पेन्शनचा पूर्ण दर 2000 साली आठवड्याला 67.50 पौंड होता. त्या वर्षी निवृत्त होऊन मेलबर्नला गेलेल्या माणसाला आजही 67.50 च मिळतात, तर तेच पेन्शन घेऊन इंग्लंडमध्ये किंवा स्पेनमध्ये राहिलेल्याला 2025-26 मध्ये 176.45 पौंड मिळतात. नायगाराच्या अमेरिकेकडच्या काठावर राहिले तर पेन्शन वाढते आणि कॅनडाकडच्या काठावर राहिले तर वाढत नाही, इतका हा नियम विचित्र आहे.

याविरुद्ध दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या अ‍ॅनेट कार्सन आणि इतर बारा जण युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले आणि 2010 मध्ये 11 विरुद्ध 6 मतांनी हरले. असे गोठलेले पेन्शन घेणारे लोक साडेचार लाखांच्या आसपास आहेत. जर हिशेब हेच मुख्य कारण असते, तर इतक्या लोकांनी दरवर्षी किंमत घटत जाणारे पेन्शन पत्करून दूरदेशी राहणे पसंत केले नसते.

दर्यावर्दी

आकडे मान्य आहेत, पण ते ज्या लोकांचे आहेत ते लोक माझ्या प्रश्नातले नाहीत. ऑस्ट्रेलियातले बहुतेक ब्रिटिश पेन्शनर म्हातारपणी तिकडे गेलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने दहा पौंडांत बोटीचा प्रवास देऊन लाखो ब्रिटिश कुटुंबे नेली. ती माणसे तरुणपणी गेली, तिथेच कामाला लागली आणि तिथेच म्हातारी झाली. ब्रिटनमध्ये भरलेल्या थोड्या वर्षांच्या वर्गणीचे पेन्शन त्यांना तिकडे पोचते, इतकेच. आयर्लंडच्या आकड्यात तर ब्रिटनमध्ये नोकरी करून मायदेशी परतलेले आयरिश लोक मोठ्या संख्येने आहेत. मी ज्याविषयी लिहिले आहे, तो साठीनंतर बिऱ्हाड उचलणारा माणूस आहे, आणि तो प्रामुख्याने भूमध्य समुद्राकडे जातो. स्पेनमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकांत सुमारे चाळीस टक्के लोक पासष्टीच्या पुढचे आहेत, हे प्रमाण पुरेसे बोलके आहे.

लीड्सकर

मी बरीच वर्षे यॉर्कशायरमध्ये राहतो आणि माझ्या गल्लीतून स्पेनला गेलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून दोन्ही बाजूंशी थोडा मतभेद नोंदवतो. शेजारच्या जोडप्याच्या स्वयंपाकघरात तोरेव्हिएहाजवळच्या एका वसाहतीचा नकाशा भिंतीला लावलेला होता. त्यावर दवाखाना, इंग्रजी बोलणारा दंतवैद्य आणि बोल्स खेळायची हिरवळ एवढ्या तीनच गोष्टी पिवळ्या शाईने रंगवल्या होत्या. घराची किंमत त्यांनी अर्थातच मोजली होती, पण गाव निवडले ते त्यापूर्वी वीस-पंचवीस उन्हाळे त्याच किनाऱ्यावर सुटी घालवल्यामुळे. 1960 नंतर विमान आणि हॉटेल एकत्र देणाऱ्या स्वस्त सहलींनी इंग्लंडच्या कामगार कुटुंबांना हा किनारा परिचयाचा करून दिला. जिथे मुले लहान असताना वाळूचे किल्ले केले, तिथेच ती माणसे निवृत्तीनंतर गेली. अनोळखी देशात जाण्याचे धाडस यात फारसे नाही.

निव्वळ पैशाचा प्रश्न असता तर सगळे बल्गेरियाला गेले असते. तो देश 2007 पासून युरोपीय संघात आहे, एस-वनचा दाखला तिथेही चालतो आणि वेलिको तर्नोव्होच्या आसपासच्या खेड्यांत घरे स्पेनच्या कितीतरी पट स्वस्त मिळत आली आहेत. काही ब्रिटिश तिथे गेलेही, पण स्पेनशी तुलना होईल इतके नाहीत. उलट इटलीतल्या टस्कनीसारख्या महाग भागात जाणारे ब्रिटिश आहेतच. दर्यावर्दी यांच्या वहीत हे कुठल्या रकान्यात बसते?

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. आईवडील मुलांना सोडून परदेशी गेले, असे आपल्याला वाटते. त्या शेजारीणबाई मात्र म्हणाल्या की मुलगा लीड्सला वर्षातून दोनदा दुपारच्या जेवणापुरता यायचा, आता नातवंडांना घेऊन ऑगस्टमध्ये पंधरा दिवस राहतो. समुद्राकाठी फुकटचे घर असले की मुले आपणहून येतात, हा त्यांचा हिशेब अगदी पक्का होता.

तर्कटी

पंधरा दिवस येणारा मुलगा उरलेले साडेअकरा महिने कुठे असतो, हा प्रश्न त्या बाईंना पासष्टीत पडत नाही, पंच्याऐंशीत पडतो.

स्पेनच्या सार्वजनिक रुग्णालयांतले उपचार उत्तम असतात, यात शंका नाही. परंतु तिथे रुग्णाला भरवणे, पुसून घेणे, रात्री उशाशी बसणे यांत घरच्या माणसांचा हात लागणारच, असे धरलेले असते. आपल्याला यात काही नवल वाटणार नाही. मात्र जिचा नवरा गेला आहे, मुले इंग्लंडमध्ये आहेत आणि जिला स्पॅनिशमध्ये नमस्कार-चमत्काराच्या पलीकडे बोलता येत नाही, अशा बाईची तिथे फार पंचाईत होते. वसाहतीत सगळेच समवयस्क असल्याने मदतीला धावणारा शेजारीही ऐंशीचा असतो. स्थानिक धर्मादाय संस्था आणि इंग्रजी चर्चचे स्वयंसेवक ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात, पण तो आधार किती पुरणार?

'नाही जमले तर परत येऊ' हेही बोलण्याइतके सोपे नाही. 2008 नंतर स्पेनमधल्या घरांच्या किमती काही वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने कोसळल्या, पौंड त्या वर्षअखेरीस युरोच्या जवळजवळ बरोबरीला आला, आणि इंग्लंडमधली घरे मात्र लवकरच पुन्हा महाग झाली. ज्यांनी इंग्लंडमधले घर विकून स्पेनमधले घेतले, त्यांना परतायचे तर इंग्लंडमध्ये घर परवडेना. अंदालुसियातल्या ग्रामीण भागात तर गावच्या नगरपालिकेने परवाना दिलेली घरे पुढे प्रादेशिक सरकारने बेकायदा ठरवली, आणि 2008 च्या जानेवारीत अल्मेरिया प्रांतातल्या व्हेरा गावी एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याचे घर प्रत्यक्ष पाडले गेले. हा सगळा खर्च धागालेखकांनी वहीत मांडलेलाच नाही. माणूस कारणे शोधून निर्णय घेत नाही, निर्णय घेऊन मग कारणे शोधतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दर्यावर्दी

तर्कटी यांनी सांगितलेले धोके खरे आहेत, पण धोका असणे आणि हिशेब नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमध्ये राहूनही पंच्याऐंशीचा प्रश्न सुटत नाही. तिथे एखाद्याकडे 23,250 पौंडांपेक्षा जास्त मालमत्ता असली की वृद्धाश्रमाचा खर्च त्याचा त्याला करावा लागतो, एकट्या माणसाचे घरही त्यात धरले जाते, आणि ही मर्यादा 2010 पासून वाढलेली नाही. आयुष्यभर फेडलेले घर शेवटी त्यातच जाणार असेल, तर त्या पैशांत पंधरा-वीस बरी वर्षे आधी काढावीत, असा विचार करणाऱ्याला अविचारी म्हणता येणार नाही.

लीड्सकर यांच्या बल्गेरियाच्या मुद्द्याला उत्तर असे की स्वस्त घर हा हिशेबाचा एकच आकडा आहे. इंग्रजी बोलणारा दंतवैद्य आणि अर्ध्या तासावर असलेला विमानतळ यांचीही किंमत असते, आणि ती आलिकांतेत आधीच्या पिढीने चुकती करून ठेवली आहे.

खरी कसोटी ब्रेक्झिटने घेतली. 31 डिसेंबर 2020 पूर्वी जे रीतसर रहिवासी झाले, त्यांचे हक्क ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडताना केलेल्या करारामुळे टिकले. त्यानंतर आलेल्याला दर 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा लागली, आणि कायम राहायचे तर स्पेनमध्ये काम न करण्याच्या अटीवरचा व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी 'इप्रेम' या सरकारी निर्देशांकाच्या चौपट उत्पन्न दाखवावे लागते, म्हणजे 2024 च्या दराने महिन्याला 2,400 युरो. ब्रिटनचे पूर्ण नवे पेन्शन (एप्रिल 2016 पासून निवृत्तिवयात आलेल्यांचे) 2025-26 मध्ये आठवड्याला 230.25 पौंड, म्हणजे महिन्याला हजार पौंडांच्या आतबाहेर आहे. केवळ सरकारी पेन्शनवर जगणारा माणूस पूर्वी जाऊ शकत होता, आता जाऊ शकत नाही. ऊन तेवढेच आहे आणि सुटीच्या आठवणीही तेवढ्याच आहेत. दरवाजा फक्त उत्पन्नाने उघडतो किंवा बंद होतो.

लीड्सकर

दरवाजा कोणासाठी उघडा आहे हे तुम्ही सांगितलेत. आत जावेसे का वाटते, हा धाग्याचा प्रश्न होता. ब्रिटनमधल्या दहा पेन्शनरांपैकी नऊ जणांकडे हाच सगळा हिशेब असूनही ते देश सोडत नाहीत. फार तर बोर्नमथ किंवा ईस्टबोर्नला समुद्रकाठी जातात. तुमच्या वहीने त्यांचे स्पष्टीकरण होत नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. 2015 च्या हिवाळ्यापासून ब्रिटनने उबदार देशांत राहणाऱ्या पेन्शनरांचा थंडीतला इंधनभत्ता बंद केला. त्या यादीत फ्रान्सही होता, कारण त्याचे सरासरी तापमान काढताना ग्वादलूप आणि रेयुनियोंसारखी उष्ण कटिबंधातली फ्रेंच बेटेही धरली गेली. फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागातल्या दगडी घरात लाकडे जाळणाऱ्या म्हाताऱ्यांना हे कसे वाटले असेल, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

पौड फाटा

चर्चा युरोपभोवती फिरते आहे, म्हणून आपल्या जवळचे उदाहरण देतो. माझे थोरले बंधू तीसेक वर्षे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर होते आणि निवृत्तीनंतर पुण्याला परतले. तेही ब्रिटिश नागरिक आणि ब्रिटिश पेन्शनरच आहेत. भारत गोठलेल्या यादीत असल्याने त्यांचे सरकारी पेन्शन वाढत नाही. मात्र आरोग्यसेवेचे नोकरीचे पेन्शन जगात कुठेही राहिले तरी वाढते, त्यामुळे त्यांना फारसा फटका बसला नाही. त्यांच्याच शहरात ओतशाळेत काम केलेले आणि पंजाबात परतलेले त्यांचे एक स्नेही मात्र केवळ सरकारी पेन्शनवर आहेत आणि दरवर्षी थोडे थोडे मागे पडत आहेत. आकडेमोड आणि दर्यावर्दी या दोघांनीही ही फट पाहिलेली दिसत नाही : गोठण्याचा नियम सगळ्यांना एकच असला, तरी त्याचा भार कमी पगाराच्या माणसावरच पडतो.

भारतीय वंशाच्या ब्रिटिश माणसाला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डावर इथे राहता येते आणि शेतजमीन सोडून घरही घेता येते. ही सोय इतर ब्रिटिशांना नाही. गोव्यात हिवाळा काढणारे गोरे पेन्शनर पुष्कळ दिसतात, पण भारतात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही आणि पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे घर विकत घेता येत नाही. म्हणून ते येतात आणि जातात, स्थायिक होत नाहीत.

तर्कटी

तुमचे बंधू उन्हासाठी आले, हिशेबासाठी आले की माणसांसाठी?

पौड फाटा

माणसांसाठी आले, असे ते सांगतात. पण त्यांची मुले बर्मिंगहॅमलाच आहेत, आणि इथल्या भावंडांपैकी आता आम्ही दोघेच उरलो आहोत. गेल्या वर्षी वहिनींना पक्षाघात झाल्यापासून घरात दिवसाची आणि रात्रीची अशा दोन मदतनीस बायका आहेत. त्यांचा दोघींचा मिळून महिन्याचा पगार बंधूंच्या पेन्शनमधून सहज निघतो. बर्मिंगहॅमला त्याच पैशांत आठवड्यातून काही तासांपुरतेच कोणी येऊ शकले असते, असे त्यांनी स्वतःच मला वहीत मांडून दाखवले.