मदत हवी आहे: घरच्या स्विमिंग पूलचं पाणी रोज उतरतंय, आखाजी तोंडावर आली

शेतघर_अमळनेर
नमस्कार मंडळी. शेतातल्या घरासमोर काँक्रीटचा स्विमिंग पूल बांधून घेतलाय. पाणी रोज दोन बोटं खाली जातं. ठेकेदार म्हणाला, ऊन आहे, वाफ होऊन जातं. आता तर तो फोनच उचलत नाही. त्यात पाणी हिरवट पडायला लागलंय. आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहिणी आणि भाचरं येणार, पोरांनी पोहायचे कपडेसुद्धा घेऊन ठेवलेत. सरळ सांगा, कुठलं वॉटरप्रूफिंग मारायचं आणि कोण मारून देईल? अमळनेर, धुळे, जळगाव, कुठलाही माणूस चालेल. लवकर सांगा, हात जोडून विनंती.

तापीकाठ
दादा, अशानं कोणी काही सांगू शकणार नाही. लांबी-रुंदी-खोली किती? आतून टाइल्स की नुसतं प्लास्टर? जमीन कुठली? आत लाइट आहेत का? पंप बंद असताना पाणी तेवढंच उतरतं का? टाइल्स लावायच्या आधी पाणी भरून टाकी तपासली होती का? एवढं लिहा, मग बोलू.

केळी_रावेर
एवढं डोकं लावूच नका. शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद आणा, पूलमध्ये अंथरा, वरून दगडानं दाबा. माझ्या शेततळ्यात तोच आहे, थेंब जात नाही. खर्च वॉटरप्रूफिंगच्या पाव हिश्शात.

नंदुरबारची_मावशी
रावेरवाले भाऊ, कृपा करून हा सल्ला मागे घ्या. शेततळ्याचा कागद ओला झाला, शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. दरवर्षी शेततळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच, आत गेलेल्याला वर येता येत नाही. शेततळ्यालाही दोर आणि टायर बांधून ठेवावेत असं सांगतात. आणि तुम्ही लहान मुलांच्या पूलात तोच कागद अंथरायला सांगताय.

केळी_रावेर
मावशी, पूल साडेतीन-चार फुटांचा असणार, शेततळं नाही. पण दोर बांधायचं म्हणणं बरोबर आहे, ते मी करून घेतो.

शेतघर_अमळनेर
26 बाय 13 फूट. एका बाजूला साडेतीन, दुसऱ्या बाजूला पाच फूट. निळ्या टाइल्स आहेत. जमीन कुठली म्हणजे काय, आपल्याकडं असते तीच, काळी. पाणी बोअरचं. लाइट दोन आहेत. पंप बंद कसा ठेवू, हिरवं होतंय म्हणून तर रात्रंदिवस चालू आहे. आता सांगा वॉटरप्रूफिंगचं.

काळी_माती
काळी जमीन म्हटली तिथंच उत्तर आलं. आपली काळी माती पाण्यानं फुगते आणि चैत्र-वैशाखात अशी आकसते की भेगेत अख्खा हात जातो. त्यावर टाकी बसवायची तर पक्का मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं, नाहीतर काळी माती काढून न फुगणारा मुरूम थराथरानं टाकून, पाणी मारून, रोलरनं दाबावा लागतो. ठेकेदारानं ते केलं नसेल तर तळ एका बाजूनं दबला असणार आणि भिंत-तळाच्या सांध्यात तडा गेला असणार. सांध्यात पीव्हीसीचा वॉटरस्टॉप, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, टाकलाय का ते विचारा. काँक्रीट एम 30 प्रतीच्या खाली चालत नाही, पाणी धरणाऱ्या बांधकामाच्या आयएस 3370 या भारतीय मानकात तसं लिहिलंय. माझं मत, टाइल्स काढून टाका, सांधा उघडा करा.

बोअर_ते_बादली
काळी_माती भाऊ, बघितल्याशिवाय टाइल्स फोडायला लावू नका. लाखाचं काम आहे ते. आधी हिशेब करा. 26 बाय 13 म्हणजे साधारण 31 चौरस मीटर पृष्ठभाग. एक सेंटीमीटर उतरलं की 310 लिटरच्या आसपास पाणी गेलं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं कोरडा वारा सुटतो तेव्हा उघड्या पाण्याची दिवसाला सेंटीमीटरभर वाफ सहज होते. दोन बोटं म्हणजे साडेतीन सेंटीमीटर धरलं तर 1,100 लिटर. सगळं वाफेवर ढकलता येणार नाही, आणि सगळं गळतीवरही नाही.

हे वेगळं करायला बादली पुरते. बादलीत पूलचंच पाणी भरा आणि ती पूलच्या पायरीवर अशी ठेवा की कड पाण्याच्या वर राहील. आतल्या पाण्याला खूण, बाहेरच्या पाण्याला खूण. पंप बंद. 24 तासांनी बघा. बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढी वाफ. पूल त्याहून जास्त उतरला तर फरक गळतीचा. दुसऱ्या दिवशी हेच पंप चालू ठेवून करा. चालू असताना जास्त जात असेल तर पूलला परत पाणी आणणारी, दाबाखालची पाइपलाइन तपासा. दोन्ही दिवशी सारखंच असेल तर टाकीत किंवा तिच्या एखाद्या भोकात दोष.

आणि पूल पूर्ण रिकामा करू नका, कोणी सांगितलं तरी. उन्हाळ्यात भिंतींवर बाहेरून मातीचा दाब येतो आणि आतून पाण्याचा आधार नसतो. पावसाळ्यात तर खालचं पाणी रिकामी टाकी वर उचलू शकतं.

काळी_माती
रिकामा करू नका हे मान्य. पण बादलीनं तडा दिसत नाही.

बोअर_ते_बादली
तडा दिसत नाही, पण तो आहे की नाही हे कळतं.

सोनगीर_कट्टा
एवढ्या पैशात विहीर बांधली असती दादा. आम्ही सगळे विहिरीत शिकलो. कमरेला वाळलेला भोपळा नाहीतर बंद डबा बांधायचा आणि काका वरून ढकलून द्यायचे. क्लोरीन नाही, पंप नाही, वीजबिल नाही.

पांझरा_धुळे
भो, आमच्याकडं पण तसंच! आणि पोहून वर आल्यावर काठावर बसून कळण्याची भाकर, ठेचा आणि भरीत. आता तशी भरताची वांगी फक्त जळगावकडंच.

सोनगीर_कट्टा
बामणोद, आसोदा. काड्यांवर भाजलेलं, लाकडी बडगीत कुटलेलं. गॅसवरचं भरीत मी भरीत मानत नाही.

तापीकाठ
मंडळी, भरताचा वेगळा धागा काढा, इथं माणूस अडचणीत आहे.

गिरणा_वॉटर
मी जळगावात पूलच्या पाण्याची देखभाल करतो, हिरव्या पाण्यावर लिहितो. दादांचं बोअरचं पाणी जड असणार. पीएच 7.2 ते 7.6 हवा. नव्या पूलात सिमेंटमधला चुना सुटत राहतो, त्यामुळं पीएच चढत जातो, आणि चढलेल्या पीएचला क्लोरीन निम्मंही काम करत नाही. लोक क्लोरीन वाढवत बसतात आणि पाणी हिरवंच राहतं. म्हणून आधी टेस्ट किट आणा, पीएच खाली आणा, मग क्लोरीन. मोकळं क्लोरीन 1 ते 3 पीपीएम राहिलं पाहिजे.

तुमचा पूल साधारण 40,000 लिटरचा. एकदा जोराचा डोस द्यायचा तर 33 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर सव्वा किलो. पावडर बादलीभर पाण्यात टाका (पाणी पावडरवर ओतू नका), गाळ बसू द्या आणि वरची निवळी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर पूलात सोडा. दिवसा टाकली तर उन्हानं काही तासांत उडून जाते. एक गोष्ट जिवाशी येणारी आहे म्हणून लिहितो: पीएच उतरवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधी एका बादलीत, एका मगात, एका खोलीतसुद्धा शेजारी ठेवू नका, विषारी वायू सुटतो. क्लोरीनच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडरही एकत्र करायची नाही, भडका उडतो.

पाणी हिरव्यावरून दुधाळ झालं की तुरटी, 20,000 लिटरला अर्धा ते एक किलो, विरघळवून सगळीकडं पसरून. रात्रभर पंप बंद. सकाळी तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूमनं थेट बाहेर काढा, फिल्टरमधून नेऊ नका. पंप रात्रंदिवस चालवायची गरज नाही, सगळं पाणी सहा-आठ तासांत एकदा फिल्टरमधून गेलं तरी पुरे.

अहिराणी_आबा
काय पानी लावं तुम्ही! आखाजीले व्हई जाई भाऊ, चिंता नका करू. पण सांगस एक गोष्ट, उन्हाळामां गावेगाव टँकर येतस आनि आपन पोहाले 40,000 लिटर भरतस. मनले पटत नई.

शेतघर_अमळनेर
आबा, तुमचं म्हणणं मनाला लागलं. बोअर घराचा आहे, गावाच्या पाण्याला हात लावलेला नाही. गळती थांबवायची धडपडही त्यासाठीच चालली आहे.

शिरपूर_पट्टा
आबांचा मुद्दा सोडून देऊ नका. आमच्याकडं शिरपुरात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी 2004 पासून नाले खोल-रुंद करून पाणी जिरवलं, तेव्हा कोरड्या विहिरींना पाणी आलं. घरमालकानं हेच छोट्या प्रमाणात करावं. 100 चौरस मीटर छतावर 600 मिमी पाऊस पडला तर 60,000 लिटर होतात, म्हणजे तुमचा पूल दीड वेळा भरेल. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, पुढचं गाळून पूलात आणि उरलेलं बोअरच्या पुनर्भरणाला. पावसाचं पाणी मऊ असतं, म्हणून पूललाही फायदा. बोअरचं पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात, दर भरणीला पाणी आणखी जड होतं, टाइल्सवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर चढतो तो त्याचाच.

नंदुरबारची_मावशी
कोणी विचारलं नाही तरी लिहिते. पूलभोवती चार फुटी जाळी आणि आपोआप बंद होणारं दार आखाजीच्या आधी लावा. पोरांना पोहता येतं एवढ्यावर विसंबू नका. झोके, गौराई, जेवणावळ, या गडबडीत कोणालाच कळत नाही कोण कुठं गेलं. एक मोठा माणूस फक्त काठावर बसून बघायला ठरवा, हातात मोबाइल नको. दर तासाला माणूस बदला.

तापीकाठ
मावशींच्या म्हणण्यात भर. दादा, लाइट किती व्होल्टचे आहेत? पूलाच्या आतला लाइट 12 व्होल्टचाच हवा, ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून लांब. आणि त्या लाइनवर 30 मिलीॲम्पचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच. हे तपासल्याशिवाय कोणालाही आत सोडू नका.

शेतघर_अमळनेर
वायरमनला बोलावून विचारलं. लाइट 12 व्होल्टचे आहेत, आरसीसीबी नव्हता, आज बसवून घेतला. बादली लावली. पंप बंद ठेवून बादलीत साधारण एक सेंटीमीटर उतरलं, पूल साडेतीन. पंप चालू ठेवून पण तेवढंच. म्हणजे गळतीच ना? आता वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवू का?

बोअर_ते_बादली
थांबा. पंप चालू-बंद सारखंच आहे, तर दाबाच्या पाइपवरचा संशय कमी झाला. आता पाणी लाइटच्या खाली वीतभर उतरवा. काढलेल्या पाण्यातलं क्लोरीन उतरू द्या, मग ते नारळाच्या झाडांना सोडा. तिथं खूण करून पुन्हा एक दिवस बघा. बादलीएवढंच उतरलं, तर दोष त्या रेषेच्या वर आहे. तसंच जोरात उतरत राहिलं, तर काळी_माती भाऊ म्हणतात तो खालचा सांधा.

काळी_माती
यावर माझी हरकत नाही. वर असेल तर पहिला संशय लाइटच्या मागच्या नळीवर घ्या. वायर जाते ती पीव्हीसी नळी जमिनीत उघडी राहते, आणि तिच्या तोंडाला काही भरलेलं नसतं.

शेतघर_अमळनेर
केलं. लाइटच्या खाली पाणी आल्यावर उतरणं थांबलंच म्हणा, बादली आणि पूल सारखे. म्हणजे लाइटच. दोन्हींपैकी कुठला?

बोअर_ते_बादली
पाणी पुन्हा लाइटच्या वर घ्या. पंप बंद, पाणी स्थिर होऊ द्या. लाइटचा एमसीबी पाडा आणि वायरमनकडून वायर सुटी करून घ्या. विहिरीत टाकतात ते पोटॅश परमँगनेट थोडं पाण्यात घोळा, बिनसुईच्या सिरिंजनं लाइटच्या कडेला अलगद सोडा. जिथं गळती असेल तिथं जांभळी रेघ आत ओढली जाते. गळती नसेल तर रंग तिथंच तरंगतो.

शेतघर_अमळनेर
खोल बाजूच्या लाइटला रंग सरळ आत ओढला गेला. भाच्यानं पाण्यात उतरून बघितलं, वायरच्या भोवती नळीचं तोंड उघडंच आहे. उथळ बाजूला काही नाही. वायरमन पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी घेऊन उद्या येतोय. आज संध्याकाळी ब्लीचिंगची निवळी सोडणार. कोपऱ्यात टाइल्सच्या सांध्यात एक केसासारखी रेघ आहे, ती पण दाखवू का कोणाला?

काळी_माती
तिथं रंगाची परीक्षा करा. ओढत नसेल तर आत्ता हात लावू नका, दोन्ही टोकांना पेन्सिलनं तारीख टाका आणि पावसाळ्यानंतर वाढली का बघा. पूलभोवती तीन फुटांचा सिमेंटचा पट्टा, बाहेर उतार देऊन, नक्की करून घ्या. भिंतीलगतची काळी माती वर्षभर एकसारखी ओली राहिली पाहिजे, एकदम भिजणं आणि एकदम वाळणं हेच टाकीला मोडतं. ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या फटीतलं भरण, पांढऱ्या सिमेंटचं असेल तर तेही झिजणार, पुढच्या वेळी इपॉक्सीचं भरा.

शेतघर_अमळनेर
पुट्टी बसली. आज बादली आणि पूल सारखेच उतरले. पाणी दुधाळ झालंय, रात्री तुरटी टाकतोय. जाळीवाला परवा येणार. बोअर_ते_बादली भाऊ, काळी_माती भाऊ, मावशी, गिरणा दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. आखाजीला कोणी अमळनेरला येत असेल तर घरी या, पुरणपोळी आणि आमरस खाऊन जा.

केळी_रावेर
आंबे गावरान असले तर येतो.

शहादा_मोटर
याच धाग्यात विचारतो. पूलच्या पंपाची एक एचपीची मोटर जळली आहे. शहाद्यात किंवा नंदुरबारात रिवाइंड करून देणारं कोणी आहे का? कंपनी नवीनच घ्या म्हणते.

तापीकाठ
सिंगल फेज की थ्री फेज? जळली म्हणजे वास आला की नुसती गुणगुणते? गुणगुणत असेल तर आधी कपॅसिटर बदलून बघा.