चौदावा लुई खरंच निरंकुश होता का? माझं मत: हात बांधलेला इंग्रज राजाच जास्त बलवान

ताम्रपट:
शालेय मांडणी सोपी असते. फ्रान्सचा चौदावा लुई निरंकुश, तर १६८८ च्या क्रांतीनंतरचा, म्हणजे दुसऱ्या जेम्सला हटवून विल्यमला गादीवर आणल्यानंतरचा, इंग्लंडचा राजा संसदेच्या दावणीला बांधलेला. पैसा उभा करण्याच्या कसोटीवर मला हे उलटं दिसतं.

फ्रान्समध्ये न्यायाधीशापासून करअधिकाऱ्यापर्यंतची पदं विकली जात. १६०४ पासून पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी भरला की पद वारसाकडे जाई. वतनच म्हणा ना. माणूस काढायचा तर किंमत परत करावी लागे आणि खजिन्यात तेवढं कधीच नसे. १६६० च्या दशकात अशी पदं ४५ हजारांहून जास्त होती. यावर उपाय म्हणून पगारी आणि केव्हाही परत बोलावता येणारे 'इंतांदां' इलाख्यांवर नेमले गेले. पण ते जेमतेम तीसेक, हाताखाली मोजके कारकून, त्यामुळे रोजचं काम त्याच पदधारकांकडून करून घ्यावं लागे. 'ताय' या मुख्य करातून सरदार आणि धर्मगुरू मोकळे. सरदारांनाही लागू होणारा डोईकर यायला १६९५ उजाडलं.

इकडे १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली आणि सरकारला ८ टक्क्यांनी द्यायचं १२ लाख पौंडांचं कर्ज लोकांकडून काही दिवसांत जमा झालं. कारण व्याज कुठून येणार, हे संसदेने जहाजांच्या वजनावरचा आणि बिअर-दारूवरचा कर लावून कायद्यातच ठरवलं होतं.

उंबरठा:
पैशाची कसोटी मुद्दाम सोयीची निवडली आहे. १६८५ मध्ये लुईने प्रॉटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा देणारं नांतचं फर्मान रद्द केलं, प्रॉटेस्टंट घरांत शिपाई मुक्कामाला घातले आणि दीडेक लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली. कुणाची परवानगी घेतली? पॅरिसच्या पार्लमां या न्यायालयात कायदा नोंदवायची रीत होती: न्यायाधीश आक्षेप लिहून पाठवत, राजा हुकूमपत्र धाडे, तरी ऐकलं नाही तर स्वतः छताखालच्या आसनावर येऊन बसे आणि समोर नोंद करून घेई. १६७३ मध्ये लुईने क्रमच फिरवला. आधी नोंद, मग आक्षेप. याला निरंकुश नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

ताम्रपट:
१६७३ चा मुद्दा मान्य. पण तो टिकला किती? लुई १ सप्टेंबर १७१५ ला वारला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच पार्लमांने त्याचं मृत्युपत्र बाजूला सारलं. त्या बदल्यात ओर्लेआंच्या ड्यूकने, म्हणजे बालराजाच्या वतीने कारभार हाती घेणाऱ्याने, त्यांचा आधी आक्षेप घेण्याचा हक्क परत दिला. माणसं हाकलता आली, हे खरंच. मिठावरचा कर मात्र सारखा करता आला नाही. उत्तरेच्या मोठ्या पट्ट्यात घरटी ठरावीक मीठ सरकारी कोठारातून घेण्याची सक्ती, आणि शेजारच्या ब्रिटनीला पूर्ण माफी, कारण विलीनीकरणाच्या वेळचे जुने हक्क. भावात इतका फरक की सीमेवर चोरटा मिठाचा धंदा जोरात आणि तो रोखायला पहारेकऱ्यांची फौज. निरंकुश राजाला स्वतःच्याच दोन प्रांतांत एक भाव ठेवता येऊ नये?

गोदाकाठ:
दोघेही १६८८ ला फार मान देताय. राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या १६८९ च्या हक्कांच्या सनदेने सगळं बदललं असं नाही. खरी कळ रकमेच्या मुदतीत होती. १६८५ मध्ये संसदेने दुसऱ्या जेम्सला जकात आणि अबकारी तहहयात देऊन टाकली. मग त्याने त्याच वर्षी संसद तहकूब केली, पुन्हा भरवलीच नाही आणि सैन्य वाढवत नेलं. विल्यमच्या वेळी शहाणपण आलं: १६९० मध्ये जकात फक्त ४ वर्षांसाठी. सैन्यशिस्तीचा कायदाही थोड्या मुदतीचा, पुढे वर्षावर्षाने नवा करायचा. सनद नुसती भिंतीवर टांगली असती तरी राजाला दरवर्षी दार ठोठवावंच लागलं असतं. आणि मंत्री निवडणं, युद्ध-तह हे राजाकडेच राहिलं. संसदेच्या विधेयकावरचा नकाराधिकार शेवटचा वापरला गेला तो १७०८ मध्ये, राणी अ‍ॅनकडून.

(त्याआधीच्या इंग्रज राजांची पत काय होती? दुसऱ्या चार्ल्सने १६७२ मध्ये सावकारांची देणी सरळ थांबवली. त्याआधी, १६६८ मध्ये, हुंड्यात आलेली मुंबई वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन मोकळा झाला होता. सांभाळायचा खर्च झेपत नव्हता.)

उंबरठा:
म्हणजे बंधन घातलं की राज्य बळकट? मग पोलंड बघा. १६५२ पासून एका प्रतिनिधीच्या विरोधाने अख्खं अधिवेशन मोडू लागलं. राजा निवडून येणारा, कर मिळेना, फौज तुटपुंजी. १७७२, १७९३, १७९५ अशा तीन फाळण्यांत देश नकाशावरून गेला. उलट डेन्मार्कने १६६० मध्ये सरदारांची परिषद मोडून वंशपरंपरागत निरंकुश राजेशाही आणली, १६६५ मध्ये ती चक्क लेखी कायद्यात बसवली. धर्म न बदलणं, राज्याची वाटणी न करणं आणि तो कायदा न मोडणं, एवढीच काय ती बंधनं. ती १८४८ पर्यंत चालली.

गोदाकाठ:
पोलंडमध्ये नकार देणारे होते, कर मंजूर करून तो स्वतः भरणारं कुणी नव्हतं. फरक तिथे आहे. इंग्लंडमध्ये १६९३ पासून युद्धकाळात जमिनीच्या उत्पन्नावर पौंडाला ४ शिलिंग, म्हणजे पाचवा हिस्सा, आणि तो मंजूर करणारे बहुतेक जमीनदारच.

उंबरठा:
आणि बिअरवरची अबकारी? ती पिणाऱ्याला मताधिकार नव्हता. १८व्या शतकात जमिनीचा वाटा घटत गेला आणि अबकारीचा वाढत गेला. तेव्हा 'स्वतः भरणारे' हे जरा जपून.



ताम्रपट:
अबकारीचं बरोबर आहे, पण ती वसूल करणारे पगारी, परीक्षा घेऊन नेमलेले आणि बदलीवर फिरणारे होते. फ्रान्सने अप्रत्यक्ष कर मक्तेदारांना ठेक्याने दिले, त्यांच्याकडूनच आगाऊ रकमा उचलल्या आणि मग त्यांच्यावरच खटले भरले, १६६१ ला आणि पुन्हा १७१६ ला. असा ऋणको असेल तर सावकार ती जोखीम व्याजात धरणारच. १८व्या शतकाच्या मध्याला ब्रिटिश सरकार ३ टक्क्यांवर कर्ज उचलत होतं.