'डिअर' म्हणजे नुसतं 'प्रिय' नव्हे

गिरगावकर: काल इथे कुणी लिहिलं, "डिअर म्हणजे प्रिय. ऑफिसात परक्या बाईला डिअर म्हणणारा लगटच करतो." राहवलं नाही म्हणून लिहितोय. फोर्टात एका शिपिंग कंपनीचा पत्रव्यवहार मी 23 वर्षं सांभाळला. 'डिअर सर' टाइप करताना कुणाला प्रेमाचं भरतं येतं? तो मायना आहे, संपलं. 'ओ डिअर' म्हणजे 'अरे देवा'. ब्रिटिश माणूस दुकानात 'टू डिअर' म्हणतो तेव्हा वस्तू महाग असते. प्रिय आणि महाग हे दोन्ही अर्थ जुन्या इंग्रजीपासून याच शब्दात आहेत, जर्मन 'टॉयर'मध्येही आहेत. टंचाईला 'डर्थ' म्हणतात तोही यातूनच आला. एकच अर्थ धरून माणसाला गुन्हेगार ठरवू नका.

मुलुंडची: कालचं मीच लिहिलं होतं. तुमचं डिअर कागदावर होतं, माझं कानाशी. साहेब फाइल देताना वाकून 'येस डिअर' म्हणायचे, आठ महिने. पुरुषांना एकदाही नाही. शेवटी नोकरी सोडली. कोशात दहा अर्थ असोत, मला कुठला ऐकवला जात होता ते मला कळत होतं.

परळकर: मायन्याचं निघालंच आहे तर बोलतो. या डिअरनेच आपले मायने गिळले. तीर्थरूप, चिरंजीव, शि. सा. न. वि. वि., नातं पहिल्याच ओळीत कळायचं. पुतण्याने गणपतीचं आमंत्रण 'डिअर काका' म्हणून पाठवलं. मला 'तीर्थरूप' लिहायला काय झालं होतं?

गिरगावकर: काकांना तीर्थस्वरूप. तीर्थरूप फक्त आईवडिलांना.

परळकर: आमच्या घरात सगळ्या थोरांना तीर्थरूपच लिहितात. तुम्ही शिकवू नका.

मुलुंडची: नातं कळायचं, आणि बाईचा नवरा आहे की गेला तेही. सौ. की गं. भा.! आजोबा गेल्यावर आजीला पहिलं पत्र 'गं. भा.' लिहून आलं, सख्ख्या भावाचं. तिने ते फोडलंच नाही. तिच्या ट्रंकेत आम्हाला तसंच सापडलं.

परळकर: तशी रीत होती. भावाच्या मनात वाईट नसेल.

मुलुंडची: आजीला मनातलं दिसलं नाही, अक्षरं दिसली. एवढ्यापुरतं डिअर बरं, बाईला नवऱ्याचं विचारत नाही.

गिरगावकर: तुमच्या साहेबांचं डिअर लगटच होतं, मान्य. पण पत्रातलं डिअर त्यात ओढू नका.

मुलुंडची: पत्रातलं ठेवा. तोंडचं नको.