मदत हवी आहे : इंग्रजीतील मोठे अक्षर आणि विशेषनाम

सोलापुरात मराठी माध्यमाच्या सहावीला मी इंग्रजी शिकवतो. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही आणि काही मुलांच्या घरच्या कन्नड, तेलुगू किंवा उर्दू भाषांच्या लिप्यांतही तो नाही; त्यामुळे कॅपिटल अक्षर मुलांना केवळ शोभेचे वाटते. ‘सोलापूर’ हे विशेषनाम आहे, हे ती चटकन सांगतात. मात्र नुसता ‘लेक’ (lake, तलाव) लहान अक्षराने, पण ‘सिद्धेश्वर लेक’मध्ये तोच शब्द मोठ्या अक्षराने का, किंवा ‘मंडे’ आणि ‘मराठी’ यांना मिळणारे मोठे अक्षर ‘समर’ला (summer, उन्हाळा) का नाही, येथे गाडी अडते. (‘आय’, म्हणजे ‘मी’ या अर्थाचा I, तर सर्वनाम असूनही मोठा, यावर हशा पिकतोच.) दुकानांच्या पाट्या वाचायला लावल्या, तर तिथे बहुधा सगळीच अक्षरे मोठी! नियम पाठ न करवता हा फरक रुजवणारा एखादा सराव कोणी वर्गात करून पाहिला असल्यास कृपया सविस्तर सांगावा.